चित्र १ वॅटचं, उष्णता ३५ वॅटची

मागच्या मे महिन्यात अकोल्याला मामांच्या गच्चीवर आयपीएलचा सामना बघायचा बेत ठरला. दोरीवर पांढरी चादर ताणली, गाद्या घातल्या आणि मामेभावानं ऑनलाइन मागवलेला, हाताच्या पंजाएवढा प्रोजेक्टर गादीवरच ठेवला. रात्रीचे ९ वाजले होते तरी हवा ३८ अंशांवर होती. पाचव्या षटकापर्यंत प्रोजेक्टर मिक्सरसारखा कोकलायला लागला. आठव्या षटकात सगळे खेळाडू आजारी दिसावेत तसे हिरवट-निळे पडले. अकराव्या षटकात, ऐन मोक्याला, पडदा काळा. मामी म्हणाल्या, "त्याले बी उकडते ना बापा. कूलर लावा त्याले."

मामींचं निदान शंभर टक्के बरोबर होतं. माझं रोजचं कामच इलेक्ट्रॉनिक वस्तूंमधली उष्णता बाहेर काढायचं आहे, तरी मलाही याहून नेमकं काही सांगता आलं नसतं. पण त्या रात्री डोक्यात किडा शिरला. जेवणाच्या दोनपुडी डब्याएवढा, झोपायच्या खोलीत चालवला तरी त्रास न देणारा आणि विदर्भाच्या मे महिन्यात न रुसणारा प्रोजेक्टर करायचा झाला तर नेमकं काय काय करावं लागेल? पुढे जे लिहितोय तो या प्रश्नाचा कागदावरचा हिशेब आहे. डब्याचं माप धरू ११ × ११ × १४ सेंटीमीटर.

आधी उजेड किती हवा ते ठरवा

बहुतेक लोक इथेच फसतात, आणि बनवणारेही. खोक्यावर ९,००० लुमेन छापलेलं असतं. लुमेन म्हणजे दिव्यातून बाहेर पडणारा एकूण उजेड. तो भिंतीवर किती पसरतो त्यावर चित्र किती उजळ दिसेल ते ठरतं. एका चौरस मीटरवर एक लुमेन पडला की झाला एक लक्स.

८० इंची चित्र म्हणजे सुमारे १.७७ मीटर रुंद आणि १ मीटर उंच, क्षेत्रफळ पावणेदोन चौरस मीटर. त्यावर २५० लुमेन पसरले की १४० लक्स मिळतात. हे कमी वाटतं ना? पण डिजिटल सिनेमाचं प्रमाण पडद्याच्या दर चौरस मीटरला ४८ कँडेला (पडद्याचं तेज मोजायचं माप) एवढंच आहे, आणि पांढऱ्या पडद्यावर तेवढं तेज यायला साधारण १५० लक्स पुरतात. म्हणजे अंधाऱ्या खोलीत ८० इंचांसाठी खरेखुरे २५० लुमेन जवळपास थिएटरइतके होतात. दिवा लावलेल्या दिवाणखान्यात मात्र भिंतीवर आधीच शंभर-दीडशे लक्स पडलेले असतात, तिथे चित्रातला काळा रंग राखाडी होतो. त्यावर उपाय प्रोजेक्टरमध्ये शोधू नये. दिवा बंद करावा.

'खरेखुरे' म्हटलं, कारण लुमेन मोजायची एक ठरलेली रीत आहे. पडद्यावर पूर्ण पांढरं चित्र लावायचं, त्याचे नऊ सारखे चौकोन कल्पायचे, प्रत्येकाच्या मध्यावर लक्स मोजायचे, सरासरी काढायची आणि क्षेत्रफळानं गुणायचं. 'आन्सी' या अमेरिकी प्रमाण-संस्थेच्या १९९२ च्या प्रमाणापासून ही रीत रूढ आहे, म्हणून असे मोजलेल्या लुमेनना 'आन्सी लुमेन' म्हणतात. फोनमधल्या लक्स मोजणाऱ्या अ‍ॅपनंही ढोबळ अंदाज येतो. खोक्यावरचे नऊ हजार भिंतीवर दोनशेसुद्धा भरत नाहीत हे एकदा स्वतः मोजून पाहण्यासारखं आहे.

तर ठरलं, २५० लुमेन. आपला डबा शांत राहील की नाही, याचा अर्धा निकाल इथेच लागला. ५०० चा हट्ट धरला असता तर पुढची सगळी आकडेमोड दुप्पट झाली असती, डबा मात्र तेवढाच राहिला असता.

बाकीचे वॅट जातात कुठे

पांढऱ्या प्रकाशाच्या एका वॅटमध्ये ढोबळमानानं ३०० लुमेन असतात. म्हणजे आपले २५० लुमेन ऊर्जेच्या भाषेत एक वॅटसुद्धा नाहीत. आणि एवढ्यासाठी वीज किती लागते? या आकाराच्या एलईडी यंत्रणेत दिव्यांना दिलेल्या प्रत्येक वॅटमागे पडद्यावर दहाएक लुमेन पोचले तर काम चांगलं झालं म्हणायचं. म्हणजे दिव्यांना २५ वॅट. त्यात प्रोसेसर, वायफाय, दिवे चालवणारं सर्किट आणि स्पीकर यांचे दहा-अकरा वॅट मिळवा. एकूण ३६ वॅट आत जातात आणि जेमतेम एक वॅट लेन्समधून चित्र होऊन बाहेर पडतो. उरलेले ३५ वॅट डब्यातच उष्णता होऊन बसतात. काटेकोर बोलायचं तर प्रोजेक्टर हा एक छोटा हीटर आहे, आणि तो जाता जाता चित्रही दाखवतो.

एवढी उधळपट्टी का होते? थोडं खोलात जावं लागेल, पण इथे मजा आहे.

छोट्या प्रोजेक्टरमध्ये चित्र घडवणारा भाग म्हणजे आरशांची चिप. लॅरी हॉर्नबेक यांनी १९८७ मध्ये टेक्सास इन्स्ट्रुमेंट्समध्ये ती शोधली. आपल्या डब्यासाठी ०.३ इंची चिप घेऊ. करंगळीच्या नखावर मावेल एवढ्या जागेत १२८० × ७२०, म्हणजे ९,२१,६०० आरसे. प्रत्येक आरसा ५.४ मायक्रॉनचा, आपल्या केसाच्या जाडीत दहा-बारा सहज बसतील. प्रत्येक आरसा १७ अंश इकडे किंवा तिकडे कलतो. इकडे कलला तर प्रकाश लेन्समधून भिंतीवर, तिकडे कलला तर आतल्या काळ्या भिंतीवर. करडा रंग हवा असेल तर आरसा सेकंदात हजारो वेळा इकडून तिकडे होतो. रंगांसाठी लाल, हिरवी आणि निळी एलईडी पाळीपाळीनं लुकलुकतात आणि आपला डोळा त्यांची बेरीज करतो.

यातून एक गमतीदार गोष्ट निघते. पडद्यावर अंधाराचं दृश्य असेल तेव्हा सगळा प्रकाश आतल्या काळ्या भिंतीवर आदळत असतो. म्हणजे भुताच्या सिनेमात प्रोजेक्टर किंचित जास्त तापतो आणि बर्फाच्या सिनेमात कमी! (दृश्य काळं झालं की दिवेच मंद करणारं सर्किट असेल, तर ही गंमत उरत नाही.)

आता अडचण अशी की चिप छोटी म्हणजे तिच्यावर प्रकाश टाकणारा दिवाही छोटाच हवा. बागेतल्या नळीच्या तोंडावर अंगठा दाबला की तोंड लहान होतं, पण धार फाकते. प्रकाशाचंही तसंच आहे. तो लहान जागेत गोळा करायला गेलं की जास्त कोनात फाकतो. जागा आणि फाकणं यांचा गुणाकार जगातली कुठलीही लेन्स कमी करू शकत नाही. प्रकाशशास्त्रात याला एटेंड्यू म्हणतात. आपल्या चिपच्या आकाराचा आणि १७ अंशांचा हिशेब केला तर सव्वादोन-अडीच चौरस मिलिमीटरपेक्षा मोठी एलईडी लावून फायदाच नाही. जादा प्रकाश चिपच्या बाहेर नाहीतर लेन्सच्या बाहेर सांडणार.

म्हणून "उजेड कमी पडतोय तर आणखी दोन एलईडी लावू" हा घरगुती उपाय इथे चालत नाही. तिळाएवढ्या एलईडीत जास्त करंट कोंबणं एवढाच मार्ग उरतो. आणि करंट कोंबला की एलईडीची कार्यक्षमता घसरते, उष्णता वाढते. एका एलईडीतून सहा वॅट उष्णता धरली, तर दर चौरस मिलिमीटरला अडीच वॅट होतात. हजार वॅटच्या इस्त्रीच्या तळाशी हाच आकडा ०.०५ भरतो. म्हणजे इस्त्रीपेक्षा पन्नासेक पट दाट उष्णता, तीही अशा तुकड्यात जो फार तापला तर मरतो.

स्वस्त प्रोजेक्टरमध्ये आरशांऐवजी एकच एलसीडी काच असते. तिथे ध्रुवण करणारी, म्हणजे एकाच दिशेच्या प्रकाशलहरी पुढे जाऊ देणारी, पट्टी निम्मा प्रकाश खाते, रंगांच्या गाळण्या उरलेल्यातला दोन तृतीयांश. खाल्लेला प्रकाश त्या काचेतच उष्णता होतो, म्हणून पंख्याची हवा थेट काचेवर सोडावी लागते. हवेबरोबर धूळ जाते, आणि वर्षभरात हिरोच्या गालावर कायमचा तीळ उमटतो. गच्चीवरचा तो कोकलणारा प्रोजेक्टर मात्र आरशांचाच होता. बिचाऱ्याची चूक वेगळी होती. त्याकडे येतोच.

उष्णतेचा पाट

उष्णता म्हणजे शेतातल्या पाटाचं पाणी समजा. उतार असेल तरच वाहते, आणि जितका उतार जास्त तितकी जोरात. इथे उतार म्हणजे तापमानातला फरक. एलईडीच्या गाभ्यापासून बाहेरच्या हवेपर्यंत हा पाट काढायचा, आणि वाटेत कुठे एखादं ढेकूळ आडवं आलं तर पाणी मागे तुंबतं. इकडे उष्णता तुंबली की एलईडी तापते.

सगळ्यात फसवं ढेकूळ म्हणजे दोन धातूंमधली फट. तांब्याच्या दोन पट्ट्या कितीही घासून गुळगुळीत केल्या तरी त्या एकमेकींना फक्त उंचवट्यांवर टेकतात. मधल्या खळग्यांत हवा असते, आणि हवेतून उष्णता तांब्यापेक्षा सुमारे पंधरा हजार पट हळू जाते. म्हणून मध्ये थर्मल पेस्ट लावतात. ही पेस्टही काही तांब्याची बरोबरी करत नाही, ती फक्त हवेपेक्षा बरी. त्यामुळे गरम पोळीवर तूप फिरवावं इतकीच लावायची. दुरुस्तीला आलेल्या यंत्रांत मी पेस्टचे श्रीखंडासारखे थर पाहिले आहेत. अशानं ढेकूळ फुटण्याऐवजी आणखी मोठं होतं.

तिळाएवढ्या जागेतली उष्णता उचलून मोकळ्या जागेत न्यायला हीट पाइप वापरतात. जॉर्ज ग्रोव्हर यांनी १९६३ मध्ये लॉस अलामोसच्या प्रयोगशाळेत हे काम पुढे आणलं. ही तांब्याची बंद नळी असते. आतली हवा काढून थेंबभर पाणी घातलेलं असतं, आणि नळीला आतून तांब्याच्या भुकटीचं सच्छिद्र अस्तर असतं. गरम टोकाला पाणी उकळतं (दाब कमी, म्हणून चाळीस-पन्नास अंशांनाही उकळतं), वाफ थंड टोकाला धावते, तिथे पाणी होतं आणि अस्तरातून वातीतल्या तेलासारखं परत येतं. हलणारा भाग नाही, आवाज नाही, आणि तेवढ्याच जाडीच्या भरीव तांब्यापेक्षा कितीतरी पट जास्त उष्णता वाहून नेते. एकच पथ्य, नळी फार वाकवायची किंवा चपटी करायची नाही.

आता आकडे मांडू. बाहेर ४० अंश धरले. हवा आतून फिरताना स्वतः १२ अंश तापेल. फिन्स, म्हणजे उष्णता हवेत सोडणारी धातूची पातळ पाती, त्या हवेपेक्षा ११ अंश वर राहतील. हीट पाइप ३, पेस्ट २, आणि एलईडीच्या गाभ्यापासून तिच्या तांब्याच्या बैठकीपर्यंत ९. बेरीज ७७ अंश. लाल एलईडीसाठी मी ८० ची मर्यादा घातली आहे, म्हणजे तीन अंश हाताशी उरले.

लाल एलईडीवरच का? कारण ती तिघींत सगळ्यात नाजूक. हिरवी आणि निळी गरम झाल्या तरी त्यांचा उजेड थोडाच घटतो. लाल वेगळ्या पदार्थाची असते, आणि गाभा शंभर अंशांकडे सरकला की तिचा उजेड निम्म्यापर्यंत उतरू शकतो. गच्चीवर आठव्या षटकात खेळाडू हिरवे-निळे पडले ते यामुळे. लाल थकली, बाकीच्या दोघी तशाच चालू राहिल्या. म्हणून बाहेरून येणारी ताजी, गार हवा आधी लाल एलईडीच्या फिन्सना, मग आरशांच्या चिपच्या पाठीला, मग हिरव्या-निळ्यांना, आणि शेवटी प्रोसेसरला द्यायची. प्रोसेसरला ८० अंशांचं काही वाटत नाही. आरशांच्या चिपला मात्र साधारण ७० च्या वर जाऊ द्यायचं नाही.

बॅटरी या रांगेत नकोच. तिला वेगळ्या कोपऱ्यात, हवा आत येते त्या बाजूला ठेवायची. लिथियम-आयन बॅटरी ४५ अंशांच्या वर चार्ज करू नये असा सर्वसाधारण दंडक आहे. अकोल्यात तो दुपारीच मोडतो, प्रोजेक्टर चालू न करताही. ५० वॅट-तासांची बॅटरी ३६ वॅटला दीड ताससुद्धा पुरत नाही, म्हणजे हिंदी सिनेमाच्या मध्यंतराच्या थोडं पुढे. विमानात परवानगीशिवाय १०० वॅट-तासांपर्यंतच नेता येते, पण एवढी मोठी या डब्यात मावतही नाही.

पंख्याशिवाय जमेल का?

हा प्रश्न प्रत्येक जण विचारतो. करून बघू. साध्या उभ्या-आडव्या पृष्ठभागातून, वारा नसताना, दर चौरस मीटरला दर अंशाच्या फरकामागे दहाएक वॅट उष्णता बाहेर पडते. आपल्या डब्याचं सगळं अंग धरलं तर ०.०८६ चौरस मीटर. अंग हवेपेक्षा २० अंश गरम होऊ दिलं तर १७ वॅट. पण बाहेरच ४० असतील तर डबा ६० अंशांचा होईल आणि लहान मूल हात लावेल. हाताला सोसेल एवढा, म्हणजे ४८-५० अंशांवर थांबवला, तर जेमतेम ८ वॅट. आपल्याला ३५ काढायचे आहेत. बिनपंख्याचा प्रोजेक्टर होतो, पण तो ५० लुमेनच्या आसपासचा, मुलांच्या खोलीत छतावर चांदण्या दाखवायला छान.

"गरम हवा वर जाते, मग धुराडं करा," असंही सुचवतात. आणि ते होतंच एकेकाळी. कल्याणच्या महादेव गोपाळ पटवर्धन आणि मंडळींनी १८९२ च्या सुमारास 'शांबरिक खरोलिका' या नावानं मॅजिक लँटर्नचे खेळ सुरू केले. काचेवर रंगवलेली चित्रं भराभर बदलून हलती भासवायची. भारतीय सिनेमाच्या पूर्वजांत त्यांचं नाव घेतात. त्या काळच्या रॉकेलवर चालणाऱ्या मॅजिक लँटर्नच्या डोक्यावर उंच धुराडं असे. दिव्याची शेकडो वॅट उष्णता त्यातून निघून जाई. पंखा नाही, आवाज नाही, वीज नाही. पण धुराड्याचा जोर त्याच्या उंचीवर आणि आतल्या हवेच्या तापमानावर असतो. रॉकेलची ज्योत आणि हातभर धुराडं असलं की ओढ लागते. आपल्या १४ सेंटीमीटरच्या डब्यात, हवा १२ अंशच गरम असताना, ती ओढ ०.०६ पास्कल (पास्कल हे दाबाचं माप) भरते. फिन्समधून हवा ढकलायला काही पास्कल लागतात. म्हणजे धुराडं इथे नावापुरतंच. तरीही खालून हवा घ्यायची आणि वरच्या कडेनं सोडायची ही कंदिलाची रचना मी ठेवली आहे. त्यानं गरम हवा बसलेल्या माणसाच्या तोंडावर येत नाही, लेन्ससमोर लहरून चित्र थरथरवत नाही, आणि परत खालून आत शिरत नाही. भोकं डोक्यावर पाडायची नाहीत, कडेला पाडायची. आपल्याकडे कुठल्याही सपाट वस्तूवर चहाचा कप ठेवला जातो.

मोठा आणि आळशी पंखा

हवा किती लागेल? ३५ वॅट, हवेची तापमानवाढ १२ अंश. उत्तर येतं सेकंदाला अडीच लिटर. १५ लिटरची बादली सहा सेकंदांत भरेल एवढी. ही फार नाही. प्रश्न ती कशी आणायची हा आहे.

बाजारातले छोटे प्रोजेक्टर ४० मिलिमीटरचा पंखा घालतात, कारण तो कुठल्याही कोपऱ्यात बसतो. तेवढी हवा आणायला त्याला मिनिटाला आठेक हजार फेरे घ्यावे लागतात. आता पंख्यांचे नियम बघा. पंखा जी हवा फेकतो ती त्याच्या वेगाच्या आणि व्यासाच्या घनाच्या पटीत वाढते. म्हणजे व्यास दुप्पट, ८० मिलिमीटर, केला तर तेवढीच हवा आठव्या हिश्श्याच्या वेगात मिळते: आठ हजारांच्या जागी एक हजार फेरे. आवाज वेगाबरोबर भयानक वाढतो, व्यासाबरोबर त्यामानानं कमी. दोन्हींचा हिशेब जुळवला तर मोठा पंखा सुमारे २४ डेसिबलनं शांत निघतो. दहा डेसिबल कमी म्हणजे कानाला निम्मा आवाज, यावरून कल्पना करा.

मग सगळेच मोठा पंखा का घालत नाहीत? एक कारण जागा. दुसरं कारण कमी लोकांच्या ध्यानात येतं: मोठा आळशी पंखा हवा तेवढीच देतो, पण तिला जोर नसतो. वरच्या उदाहरणात त्याचा दाब सोळाव्या हिश्श्यावर आलेला असतो. दाट फिन्स आणि बारीक जाळी त्याच्यापुढे ठेवली तर तो नुसता जागच्या जागी फिरत राहील. म्हणून पंखा मोठा केला की सगळं घरच त्याच्यासाठी मोकळं करावं लागतं. एक मिलिमीटरवर दाटीनं लावलेल्या फिन्सऐवजी अडीच मिलिमीटरवर विरळ. फट निम्मी केली तर, हवेचा वेग तोच ठेवूनही, अडथळा चौपट होतो, हे आकडेवारीत पाहिल्यावरच पटतं. हवेला काटकोनात वळवायचं नाही. पंख्याच्या तोंडासमोर बोटभर तरी मोकळी जागा. जाळीची भोकं मोठी, कडा गोल. पंख्याला जेमतेम टेकलेली एक वायर किंवा आडवी दांडी असली की पाती तिच्यावरून जाताना शीळ घालतात, आणि अशी एकसुरी शीळ तेवढ्याच डेसिबलच्या सरसरीपेक्षा कितीतरी जास्त टोचते.

म्हणून माझ्या डब्याचा अख्खा तळ म्हणजे एक ८० मिलिमीटरचा पंखा आहे. ११ सेंटीमीटरच्या तळात तो आरामात बसतो, रबरी बुचांवर, म्हणजे त्याची थरथर डब्याला आणि डब्याची टेबलाला लागत नाही. (हलकं लाकडी टेबल म्हणजे तबलाच.) बाकी सगळं, लेन्ससकट, त्याच्या वर रचायचं. साधारणपणे उलटं होतं: आधी लेन्स, मग सर्किट, मग उरलेल्या कोपऱ्यात पंखा. मग त्या कोपऱ्यातून किंचाळी येते, आणि शेवटच्या महिन्यात कुणीतरी उष्णतावाल्याला बोलावतं. हे अनुभवाचे बोल आहेत, पण कुणाचं नाव घेत नाही.

दिवे, आरसे आणि लेन्स हे सगळं सीलबंद पेटीत, तिच्या पाठीचा धातू तेवढा बाहेर हवेत. पंख्याची हवा काचेला शिवतच नाही, त्यामुळे धुळीचा तीळ नाही. फिन्सवर धूळ बसणार, ती वर्षातून एकदा ब्रशनं झाडता यावी म्हणून तळ दोन स्क्रूंवर निघणारा.

आणि पाय. तळाला किमान १० मिलिमीटरचे पाय हवेत. गच्चीवरच्या प्रोजेक्टरचं खरं पाप तेच होतं: हवा आत घ्यायची भोकं खाली, पाय दोन मिलिमीटरचे, आणि आम्ही तो कापसाच्या गादीवर ठेवलेला. हवा एक तृतीयांशावर आली तर ती आत १२ ऐवजी ३६ अंश तापते, आणि लाल एलईडी सरळ शंभरी पार करते. पंखा जिवाच्या आकांतानं फिरत होता, पण गादीतून काय ओढणार? त्या रात्री आम्ही जेवणाचा लाकडी पाट आणला, त्यावर दोन काडेपेट्या, त्यावर प्रोजेक्टर. पंधराव्या षटकापासून सामना पुन्हा सुरू.

आधी कुणाला त्रास द्यायचा

तापमान वाढलं की बहुतेक प्रोजेक्टर पहिल्यांदा पंखा वाढवतात, आणि तोही कमी पडला की दिवे मंद करतात. माझ्या मते हा क्रम उलटा हवा. डोळा हळूहळू होणारा बदल जवळजवळ पकडत नाही. दहा मिनिटांत उजेड २० टक्के उतरवला तर सिनेमा बघणाऱ्या दहा जणांतल्या एकालाही कळणार नाही. पंख्याचा सूर बदलला की मात्र सगळ्यांच्या माना वळतात. शिवाय करंट कमी केला की एलईडीची कार्यक्षमता सुधारते, त्यामुळे उजेड जेवढा घटतो त्याहून जास्त प्रमाणात उष्णता घटते. म्हणून ४५ अंशांच्या दुपारी माझा डबा आधी गुपचूप थोडा मंद होईल, तिन्ही रंग एकत्र, म्हणजे कुणी हिरवं पडणार नाही. त्यानंही भागलं नाही तरच पंखा वाढेल, तोही अर्ध्या मिनिटात अलगद. एकदा वाढला की तापमान चांगलं तीन-चार अंश उतरेपर्यंत कमी होणार नाही. सतत वर-खाली करणारा पंखा हा सतत चालणाऱ्या पंख्यापेक्षा वाईट.

फोकसचंही उष्णतेशी नातं आहे. सुरुवातीच्या पंधरा-वीस मिनिटांत लेन्स तापतात, फुगतात, प्लॅस्टिकच्या असल्या तर प्रकाश वाकवण्याची त्यांची ताकदही बदलते, आणि नीट जुळवलेली अक्षरं मऊ होतात. यावर काच आणि प्लॅस्टिक असं मिश्रण वापरून दोघांचे दोष एकमेकांवर सोडतात, किंवा कॅमेरा लावून आपोआप जुळवतात. मला पहिला उपाय आवडतो. दुसऱ्यात आणखी एक मोटर आणि तिचा आणखी एक आवाज.

आणि पंखा खरोखर शांत झाला की त्याच्याआड लपलेलं ऐकू यायला लागतं. रात्रीच्या शांततेत कान लावला तर सर्किटमधून बारीक गुणगुण येते. लाल-हिरव्या-निळ्या एलईडी पाळीपाळीनं लुकलुकताना करंट सेकंदात शेकडो वेळा उसळतो, आणि सिरॅमिकचे कपॅसिटर (वीज क्षणभर साठवणारे बारीक भाग) त्या तालावर सूक्ष्मसे आकसतात-फुगतात. बोर्ड त्यांच्यासाठी स्पीकरचा पडदा होतो. उपाय सोपा आहे: जोडीतला एक कपॅसिटर बोर्डाच्या वर आणि दुसरा नेमका त्याच्या खाली बसवायचा. दोघं बोर्डाला विरुद्ध दिशांना वाकवतात आणि गुणगुण बरीचशी मिटते. मग भिंतीवरच्या घड्याळाची टिकटिक ऐकू येते, पण ते माझं खातं नाही.